स्टारस्क्रीमचा तो एक फालतू शॉट

परवा रात्री दादा आणि मी ट्रान्सफॉर्मर्सचा पहिला एपिसोड लावला, जुना, १९८४ चा, तीन भागांचा आहे ना त्यातला पहिला भाग, आणि जेमतेम २२ मिनिटांचं ते कार्टून संपायला आम्हाला पावणेतीन तास लागले. रिमोट माझ्या हातात होता हीच चूक झाली असं वहिनीचं म्हणणं. मी दर दोन मिनिटांनी पॉज करणार, दादा "मागे घे, मागे घे" करणार, मग दोघांचं सुरू. लहानपणी हे सगळं तुकड्यातुकड्यांत बघितलेलं, कधी शेवट बघितला तर सुरुवात नाही, त्यामुळे आता एकेक फ्रेम चघळायची चैन करून घेतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. सायबरट्रॉन नावाचा रोबोंचा ग्रह, तिथे ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन यांची लढाई, ग्रहावरची ऊर्जा संपत आलेली. ऑटोबॉट जहाज घेऊन ऊर्जा शोधायला निघतात, डिसेप्टिकॉन मागे लागतात, जहाजात घुसतात, मारामारीत जहाज पृथ्वीवर एका ज्वालामुखीत आदळतं आणि सगळे ४० लाख वर्षं निपचित पडून राहतात. मग १९८४ साली ज्वालामुखी जागा होतो, त्या हादऱ्यानं जहाजाचा कॉम्प्युटर टेलेट्रान वन चालू होतो, आणि तो एक छोटं यान बाहेर पाठवून इथली वाहनं स्कॅन करून आणतो आणि दुरुस्तीला लागतो.

आता इथे पहिला पॉज. जहाज कुणाचं? ऑटोबॉटांचं. कॉम्प्युटर कुणाचा? ऑटोबॉटांचा. आणि तो शहाणा सगळ्यात आधी दुरुस्त कुणाला करतो? स्कायवार्पला! शत्रूला! किरणाच्या वाटेत जो पडलाय तो दुरुस्त, बस, आपला कोण परका कोण काही बघायचं नाही. त्याला एफ-१५ विमानाचं रूप मिळतं, मग मेगाट्रॉन आणि बाकीचे डिसेप्टिकॉन उठतात आणि निघून जातात. ऑटोबॉट तसेच पडलेत. म्हणजे गोष्ट इथे संपायलाच हवी होती, खरंच संपायला हवी होती, पृथ्वी गेली, राम राम.

पण त्यांच्यातलाच स्टारस्क्रीम जाता जाता मागे राहतो आणि डोंगरावर एक गोळी झाडतो. कारण काहीच नाही. शत्रू मेल्यात जमा आहे, ऊर्जेची बोंब आहे, तरी याला ऑटोबॉटांना गाडून टाकायची हौस. दरड कोसळते, हादरा बसतो, आणि त्या हादऱ्यानं ऑटोबॉटांचा म्होरक्या ऑप्टिमस प्राइम याचं धूड सरकून नेमकं किरणाखाली येतं. झालं. प्राइम उठला, मग बाकीचे उठले, आणि पुढची सगळी मालिका, ९८ एपिसोड, एक सिनेमा, त्यानंतरचं सगळं जग, हे त्या एका फालतू शॉटवर उभं आहे.

दादाचं म्हणणं, हे आळशी लिखाण आहे. नायकाला उठवायला काही सुचलं नाही म्हणून दगड पाडला. मी म्हटलं दादा, दगड आपोआप पडला असता तर तुझं खरं होतं. पण दगड पाडणारा स्टारस्क्रीम आहे, आणि हा माणूस (रोबो, जाऊ दे) पुढे सगळीकडे हेच करतो, गरज नसताना शेवटचा शब्द आपला हवा म्हणून जिंकलेली लढाई घालवतो. पहिल्याच एपिसोडमध्ये, त्याची नीट ओळखही झालेली नसताना, त्याच्या स्वभावामुळे गोष्ट फिरते. जॉर्ज आर्थर ब्लूम नावाच्या लेखकानं हे तिन्ही भाग लिहिले, १७, १८ आणि १९ सप्टेंबर १९८४ ला ओळीनं अमेरिकेत दाखवले गेले, आणि खेळणी खपवायला लिहिलेल्या कार्टूनात त्या माणसानं हे घातलं याचं मला अजून कौतुक वाटतं. दादा म्हणे तुला स्टारस्क्रीम आवडतो म्हणून तू बाजू घेतेस. तेही खरंय म्हणा.

जाता जाता, मार्व्हलच्या कॉमिकमध्ये त्या डोंगराचं नाव माउंट सेंट हिलरी आहे, आणि अमेरिकेतला खराखुरा माउंट सेंट हेलेन्स १८ मे १९८० ला फुटला होता, म्हणजे चारच वर्षं झाली होती, तेव्हा ज्वालामुखी कुठून सुचला हे सांगायला नको.

मग बसलो खेळण्यांवर वाद घालत. कारण या एपिसोडमधल्या अर्ध्या विचित्र गोष्टींचं उत्तर खेळण्यांच्या डब्यात आहे. ट्रान्सफॉर्मर्स ही मुळात एक वस्तूच नव्हती. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीनं जपानच्या टाकाराकडून दोन वेगवेगळ्या मालिकांची खेळणी उचलली. एक डायक्लोन, त्यात गाड्या, ट्रक, विमानं, आणि त्यात बसायला बोटाच्या पेराएवढे ड्रायव्हर, पायात लोहचुंबक असलेले. दुसरी मायक्रो चेंज, त्यात घरातल्या वस्तू जशाच्या तशा मापाच्या: कॅसेट प्लेअर, पिस्तूल, कॅमेरा, मायक्रोस्कोप. म्हणजे डायक्लोनची गाडी खऱ्या गाडीच्या साठाव्या हिश्श्याएवढी, आणि मायक्रो चेंजचं पिस्तूल पिस्तुलाएवढंच. दोन्ही एका टेबलावर ठेवले की गंमत वाटते, पण त्यांना एका कार्टूनात घालून "हे सगळे एकाच ग्रहावरचे" म्हटलं की माप बोंबललंच.

म्हणून मेगाट्रॉन, एवढा धिप्पाड सेनापती, वॉल्थर पी-३८ पिस्तूल होतो आणि चक्क स्टारस्क्रीमच्या मुठीत मावतो. म्हणून साउंडवेव्ह हा डिसेप्टिकॉन रोबो असताना इतरांच्या बरोबरीचा, आणि कॅसेट प्लेअर झाला की माणसाच्या हातात येतो. उरलेलं वजन जातं कुठे? मला वाटतं त्या काळी स्टुडिओत कुणीतरी हा प्रश्न विचारला असेल आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं असेल. ऑप्टिमस प्राइमचा ट्रेलर तर त्याहून भारी. ट्रक रोबो होतो, ट्रेलर मागे घरंगळतो आणि फ्रेमबाहेर गेला की गेला. परत ट्रक व्हायची वेळ आली की हजर! दादानं या ट्रेलरवर अख्खी थिअरी मांडलीय, ती मी इथे लिहिणार नाही कारण ती ऐकताना मी एकदा झोपले होते.

(प्राइमचं खेळणं डायक्लोनमध्ये बॅटल कॉन्व्हॉय म्हणून यायचं. केबिनचं दार उघडलं की आत बसायची जागा आहे, ती त्या चुंबकवाल्या ड्रायव्हरसाठी. हॅस्ब्रोनं ड्रायव्हर काढून टाकला, कारण आता ट्रक स्वतःच जिवंत होता. मला हा बदल फार मोठा वाटतो. आधी ते मशीन होतं आणि हिरो आत बसलेला माणूस होता, आणि इथे मशीनच बोलायला लागलं, रुसायला लागलं, मागून गोळ्या झाडायला लागलं.)

नावांचं श्रेय बरचसं मार्व्हलच्या बॉब बुडियान्स्कीला जातं, बहुतेक पात्रांची नावं आणि स्वभाव त्यानं लिहून दिले, फक्त ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनी ओ'नीलचं. मेगाट्रॉन हे नाव हॅस्ब्रोला आधी नको होतं म्हणे, फार भीतीदायक वाटतं म्हणून. बुडियान्स्कीचं उत्तर साधारण असं की अहो खलनायक आहे, भीती वाटायलाच हवी. बरोबरच आहे की.

आणि आयर्नहाइड, व्हॅन होणारा ऑटोबॉट! त्याचं मूळ खेळणं ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, त्याला डोकंच नाही. व्हॅनची समोरची काच, तिच्यामागे सीट, आणि त्यावर चेहऱ्याचा स्टिकर, खलास. रॅचेटचंही तेच. कार्टूनवाल्यांनी दोघांना व्यवस्थित डोकी दिली, तोंड दिलं, आणि आयर्नहाइडला तर म्हाताऱ्या सुभेदारासारखा खडखडीत आवाज दिला. डोकं नसलेल्या खेळण्याला.

आवाजांवर आलो तिथे रात्रीची खरी गंमत झाली. आम्ही दोघं एवढे जाणकार, मला तोंडपाठ आहे कुणाचा आवाज कुणाचा, पीटर कलन म्हणजे प्राइम आणि आयर्नहाइड दोन्ही, म्हणजे ते दोघं एकमेकांशी बोलतात तेव्हा माणूस स्वतःशीच बोलत असतो. क्रिस लॅटा म्हणजे स्टारस्क्रीम, आणि व्हीलजॅक, आणि वर गोष्टीतल्या स्पाइक नावाच्या माणसाच्या पोराचे वडील स्पार्कप्लग. म्हणजे तेलाच्या रिगवर हल्ला होतो तेव्हा हल्ला करणाऱ्यांत तोच आणि खाली बुडता बुडता वाचणाराही तोच. फ्रँक वेल्करचं तर विचारूच नका, मेगाट्रॉन, साउंडवेव्ह, स्कायवार्प, रंबल, मिराज, लेझरबीकचं किंचाळणं, अर्धं सैन्य त्या एका घशातून निघालंय. साउंडवेव्हचा तो घोगरा यांत्रिक आवाज व्होकोडरमधून काढलेला.

तर क्लिफजंपर आणि हाउंड हे दोन ऑटोबॉट टेहळणीला जातात तो सीन चालू होता. क्लिफजंपर मोठी बंदूक लावून लांबून मेगाट्रॉनवर नेम धरतो, तोंडाची टकळी चालूच. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला या कशातच रस नाही, एकदाही मान वर केली नव्हती. ती न बघताच म्हणाली, "हा शॅगी ना गं?"

मी आणि दादा एकमेकांकडे बघतच राहिलो. क्लिफजंपरचा आवाज केसी केसम. केसी केसम म्हणजे स्कूबी-डूमधला शॅगी. हे आम्हाला माहीत होतं. फ्रँक वेल्कर म्हणजे स्कूबी-डूमधला फ्रेड. हेही माहीत होतं. पण या सीनमध्ये शॅगी फ्रेडवर गोळी झाडतोय आणि त्याचा नेम चुकतोय, हे इतक्या वर्षांत आमच्या दोघांच्या डोक्यात आलं नव्हतं!! दादानं सीन पाच वेळा मागे घेतला. वहिनी म्हणे आता मी काय एवढं बोलले.

केसमचं पुढे वेगळंच झालं, तिसऱ्या सीझनमध्ये एका एपिसोडात कार्बॉम्ब्या नावाचा एक खोटा अरब देश दाखवला, नाव वाचूनच कळतं काय चाललंय ते, केसम स्वतः लेबनीज घरातला, त्यानं ते स्क्रिप्ट बघितलं आणि मालिका सोडली. चांगलं केलं. ही ट्रिव्हिया म्हणून सांगतात लोक, मला ती ट्रिव्हिया वाटत नाही.

कलनची गोष्ट मात्र मी कितीही वेळा ऐकायला तयार आहे. ऑडिशनला निघाला तेव्हा भावाला, लॅरीला, सांगितलं की मी एका हिरोच्या रोलसाठी चाललोय, ट्रक आहे. लॅरी व्हिएतनाममध्ये लढून आलेला मरीन. त्यानं सांगितलं की हिरो व्हायचंय तर खरा हो, ओरडाआरडा करणारा नको, ताकद आहे म्हणून हळुवार असणारा हो. कलननं भावाचाच आवाज लावला आणि काम मिळालं. हे माहीत झाल्यापासून मला प्राइमची साधी ऑर्डर ऐकली तरी कसंतरी होतं. त्यानंतर लगेच डोक्यात येतं की याच माणसानं विनी द पूमधल्या रडक्या गाढवाचाही आवाज दिलाय, मग जरा बरं वाटतं.

रंगांच्या चुकांबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं कारण मग संपतच नाही. पण थोडंसं. स्टारस्क्रीम, स्कायवार्प आणि थंडरक्रॅकर ही तिन्ही खेळणी एकाच साच्यातली, फक्त रंग वेगळे. कार्टूनातही तेच, म्हणजे राखाडी-लाल असला तर स्टारस्क्रीम, काळा-जांभळा स्कायवार्प, निळा थंडरक्रॅकर. अॅनिमेशन जपानला तोएईमध्ये व्हायचं, प्रत्येक चित्र पारदर्शक शीटवर हातानं रंगवायचं, आणि रंगवणाऱ्यासमोर तीन अगदी सारखी विमानं. चुकीचा डबा उघडला की झालं, तोंडातून स्टारस्क्रीमचं किंचाळणं आणि अंग निळं. मला या चुकांचा राग येत नाही, कुणाचा तरी हात दिसतो त्यात, रात्रपाळीला बसलेला असेल, उद्या सकाळी एपिसोड द्यायचाय, आणि समोर परत ते विमान.

ब्लूस्ट्रीकचं तर नावच ब्लू आणि रंग चंदेरी. कॅटलॉगमध्ये निळा छापला होता, विकायला आला चंदेरी. कुणी नाव बदललं नाही. असू दे.

दादाचा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे, की या लोकांनी वही ठेवली नाही. कशात काय सांगितलंय ते लिहून ठेवलं नाही. कन्स्ट्रक्टिकॉनचं उदाहरण तो प्रत्येक वेळी देतो, आणि प्रत्येक वेळी मला ते नव्यानं ऐकावं लागतं, आता तुम्हीही ऐका. पहिल्या सीझनचा शेवटचा एपिसोड हेवी मेटल वॉर. त्यात मेगाट्रॉन सांगतो की हे सहा जण, जे एकत्र येऊन डेव्हास्टेटर होतात, मी इथे पृथ्वीवरच्या गुहांमध्ये तयार केले. ठीक. दुसऱ्या सीझनमध्ये ओमेगा सुप्रीम या ऑटोबॉटची गोष्ट येते आणि कळतं की हे सहा जण फार पूर्वी सायबरट्रॉनवर त्याचे मित्र होते, चांगले होते, मेगाट्रॉननं रोबो-स्मॅशर नावाच्या यंत्रानं त्यांची डोकी फिरवली. बरं. मग तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला, फाइव्ह फेसेस ऑफ डार्कनेसमध्ये, जुना काळ दाखवतात आणि कन्स्ट्रक्टिकॉन काय करतायत? मेगाट्रॉनला बांधतायत!

म्हणजे त्यानं यांना बनवलं, यांनी त्याला बनवलं, आणि मधे कधीतरी त्यानं यांना फूस लावली. बापानं मुलाला, मुलानं बापाला.

दादाकडे तिन्ही जुळवणारं एक स्पष्टीकरण आहे. मेगाट्रॉननं पृथ्वीवर त्यांना फक्त नवी शरीरं दिली, "बनवलं" हे तो फुशारकी मारायला म्हणतो. ते तसं पटतं, मेगाट्रॉन दुसऱ्याचं श्रेय घेणारच. पण मग मी व्हेक्टर सिग्मा काढला. दुसऱ्या सीझनमध्ये सांगितलंय की नव्या रोबोला जीव द्यायचा तर सायबरट्रॉनच्या पोटातल्या व्हेक्टर सिग्मा या महाकॉम्प्युटरकडे जावं लागतं, स्टंटिकॉन या आपल्या नव्या टोळीसाठी मेगाट्रॉन तिथवर जातो. मग व्हीलजॅकनं पहिल्याच सीझनमध्ये पृथ्वीवर डायनोसॉर होणारे डायनोबॉट तयार केले त्यांच्यात जीव कुठून आला? दादा म्हणाला, "म्हणूनच ते एवढे मठ्ठ आहेत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं कारण ते बरोबर आहे.

एवढ्यात पहिला भाग संपला होता. रात्रीचा एक वाजला होता आणि शहाणी माणसं झोपली असती, आम्ही दुसरा लावला. शर्मन धरणासाठी. धरणाच्या भिंतीवर प्राइम आणि मेगाट्रॉन समोरासमोर येतात आणि प्राइमचा पंजा आत जाऊन तिथे केशरी चकाकती कुऱ्हाड येते, मेगाट्रॉनच्या हाताच्या जागी साखळीला लटकलेला काटेरी गोळा. कुठून आलं हे? आधी काही सूचना नाही, पुढेही ती कुऱ्हाड फारशी दिसतच नाही. मूळ खेळण्यात ती नव्हती. तरीही आज प्राइमचं चांगलं खेळणं काढायचं म्हटलं की डब्यात केशरी कुऱ्हाड पाहिजेच, नाहीतर लोक तोंड वाकडं करतात. काही सेकंदांचा तो सीन. मी आवाज बंद करून बघितला एकदा, नुसते दोन रंग एकमेकांवर आदळताना, केशरी आणि जांभळा, मागे काळं पाणी. दादाही गप्प होता, आणि दादा गप्प असणं दुर्मिळ.

मग पाण्याखाली रंबल आला आणि शांतता संपली.

ज्यांना हा वाद माहीत नाही ते भाग्यवान. साउंडवेव्हच्या छातीतून निघणारे दोन जुळे, रंबल आणि फ्रेंझी. कार्टूनात रंबल निळा आणि फ्रेंझी लाल. खेळण्याच्या डब्यावर बरोब्बर उलटं, रंबल लाल-काळा आणि फ्रेंझी निळा, कॉमिकमध्येही डब्यासारखंच. यावर लोक इतकी वर्षं भांडलेत की इंग्रजीत दोन्ही पक्षांची आद्याक्षरं जोडून नावं पडलीत, फिरिब (फ्रेंझी लाल, रंबल निळा) आणि रिरफिब (रंबल लाल, फ्रेंझी निळा). मी फिरिब. जे डोळ्यांनी बघितलं, ज्याला त्या नावानं हाक मारलेली कानांनी ऐकली, तो रंबल, आणि तो निळा आहे. दादा रिरफिब, कारण लहानपणी त्याच्याकडे ते खेळणं होतं आणि डब्यावर नाव छापलेलं होतं आणि छापलेलं खोटं कसं असेल.

मी म्हटलं अरे समोर बघ ना, हात आपटून लाटा उठवतोय, निळा आहे! तो म्हणे रंगवणाऱ्यानं चुकीचा डबा उघडला, तूच म्हणालीस ना मघाशी. माझंच वाक्य माझ्यावर. मी म्हटलं एकदा चुकेल, दोनदा चुकेल, प्रत्येक एपिसोडात कसा चुकेल? तर म्हणे वही नाही ठेवली, सांगतोय ना.

वहिनी मधेच उठून आली, टीव्हीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि विचारलं, "मग त्या दोघांना काय वाटतं, ते स्वतःला कोण समजतात?" आणि दिवा घालवून गेली.

सकाळी उठले तर दादाचा मेसेज होता, पहाटे पावणेचारचा. एका जुन्या डब्याचा फोटो, कोपरा फाटलेला, पिवळा पडलेला, वर रंबलचं नाव आणि आत लाल रोबो. खाली एकच शब्द: "बघ."

मी त्याला धरणाचा फ्रेम काढून पाठवलाय. अजून निळी टिक आली नाही.